आधी पाणी, मग मासे

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात, पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. वर परभणी जिल्ह्यात येलदरी, खाली सिद्धेश्वर. 1960च्या दशकात बांधलेली ही जोडी परभणी, हिंगोली आणि नांदेडच्या शेतांना पाणी देते. अशा जलाशयांत रोहू, कटला, मृगळ यांचं मत्स्यबीज सोडतात. ते कसं सोडतात हे कधी काठावर उभं राहून पाहिलंत का? प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून बीज येतं. जाणता मच्छीमार पिशवी फोडून लगेच ओतत नाही. तोंड बांधलेली पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवतो, मग तोंड सोडून जलाशयाचं थोडं पाणी आत घेतो, थांबतो, आणखी थोडं घेतो. शेवटी पिशवी आडवी करतो, आणि पिल्लं आपली आपण बाहेर पडतात.

हीच मंडळी मत्स्यजिऱ्यांसाठी संगोपन तळं तयार करतात तेव्हा आणखी लांबची तयारी असते. तळं वाळवायचं, चुना टाकायचा, शेणखत घालायचं, पाणी भरायचं आणि त्यात सूक्ष्म जीव वाढेपर्यंत वाट पाहायची. पिल्लांवर झडप घालणारे पाणकिडे मारायला तेल आणि साबणाचं मिश्रण पाण्यावर पसरायचं, म्हणजे वर श्वास घ्यायला येणारे किडे गुदमरतात. एवढं सगळं झाल्यावर मासे. आधी पाणी तयार, मग मासे, हा क्रम तळ्यावर कुणी चुकवत नाही. घरातल्या फिशटँकच्या बाबतीत मात्र आपण तो हमखास उलटा करतो.

समजा, सिद्धेश्वर वसाहतीतल्या एखाद्या घरात दोन फुटांची काचेची टाकी आहे. मुलांच्या हट्टापायी आणलेली. पाच मासे दीड वर्ष सुखरूप राहिले, वाढले, जागा अपुरी पडू लागली. म्हणून नांदेडहून तीन फुटांची नवी टाकी आणली. रविवारी सकाळी धुतली, नळाचं स्वच्छ पाणी भरलं, रंगीत खडे, नवा फिल्टर, नवा दिवा. दुपारी जुन्या टाकीतले मासे जाळीनं उचलून नव्या घरात सोडले. जुनी टाकी घासूनपुसून माळ्यावर. मोठं घर मिळालं म्हणून खूश होऊन बाजारातून आणखी सहा मासे आणले. चौथ्या-पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात, आणि आठवड्याअखेर दोन-तीन मेलेले असतात. पाणी तर आरशासारखं निर्मळ! मग दोष दुकानदाराला, नाही तर खाद्याला, नाही तर कुणाच्या तरी नजरेला.

दोष असतो त्या निर्मळपणातच. मासा जे खातो त्यातल्या प्रथिनांचा टाकाऊ भाग तो अमोनियाच्या रूपात, मुख्यतः कल्ल्यांवाटे, पाण्यात सोडतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. अमोनिया माशांना विषारी आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. नदीत किंवा धरणात तो साठून राहत नाही, कारण तिथल्या चिखलावर, दगडांवर, पाणवनस्पतींच्या पानांवर जिवाणूंचा पातळ थर असतो. त्यातले काही जिवाणू अमोनियाचं रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. नायट्राइटही विषारीच. ते रक्तात शिरलं की रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. पुढचे जिवाणू या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानानं बरंच निरुपद्रवी. पाणवनस्पती ते खत म्हणून घेतात, उरलेलं आपण पाणी बदलून काढतो.

दीड वर्षं चाललेल्या जुन्या टाकीत हे जिवाणू आपोआप वस्तीला आलेले होते. नव्या टाकीत ते नाहीत. म्हणजे नवी टाकी हे पाहुण्यांना दिलेलं असं घर आहे, की ज्यात भिंती, छप्पर, रंगरंगोटी सगळं आहे, फक्त मोरी नाही.

हे ज्ञान तसं फार जुनं नाही. 1850 साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं काचेच्या भांड्यात गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून समतोल राखून दाखवला. वनस्पती प्राणवायू देतात, गोगलगायी कुजकी पानं खातात. पुढे 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. पण अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे काढून त्यांचं काम विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं उलगडलं ते 1890च्या सुमाराला, आणि तेही मातीच्या अभ्यासातून. पिकाच्या मुळाशी नत्र पोचवणारे जिवाणू आणि फिशटँकचा फिल्टर चालवणारे जिवाणू एकाच गोत्रातले. शेतकऱ्याच्या घरात हे पटवायला फार वेळ लागू नये.

आता प्रश्न असा, की हे जिवाणू नव्या टाकीत न्यायचे कसे? बहुतेकांचं उत्तर असतं, जुन्या टाकीतलं पाणी नव्या टाकीत ओतायचं. हा समज इतका पक्का आहे की दुकानदारसुद्धा तसंच सांगतात. पण हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते चिकटून राहतात, आणि त्यांची खरी वस्ती असते फिल्टरच्या स्पंजात, त्याखालोखाल वाळू-खड्यांवर. जुन्या पाण्याबरोबर येतं ते मुख्यतः नायट्रेट. तेव्हा माळ्यावर चढवलेल्या त्या टाकीतला घाणेरडा, तपकिरी, बुळबुळीत स्पंज हाच घरातला खरा ठेवा होता, आणि रविवारच्या उत्साहात तोच नळाखाली धरून पिळून काढला गेला.

गृहिणींना एका शब्दात सांगता येईल: विरजण. नव्या दुधाला जुन्या दह्याचा चमचा लागतो, तसा नव्या फिल्टरला जुना स्पंज. उकळत्या दुधात विरजण घालून चालत नाही, तसा हा स्पंज क्लोरीनच्या पाण्यात धुऊन चालत नाही. धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच दाबायचा. फरक एवढाच, की दह्याचे जिवाणू रात्रीतून काम उरकतात. हे मात्र संथ. त्यांची संख्या दुप्पट व्हायला साधारण एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. म्हणूनच विरजण न लावता सुरू केलेली टाकी स्थिरावायला पाच-सहा आठवडे लागतात.

तेव्हा नवी टाकी घरात आली की पहिलं काम तिच्यात मासे सोडण्याचं नाही, तिचा नवा फिल्टर जुन्या टाकीत लावण्याचं आहे. जुना आणि नवा, दोन्ही फिल्टर तीन-चार आठवडे जुन्या टाकीत शेजारी शेजारी चालू द्या. नव्या स्पंजावर वस्ती चढते. मधल्या काळात नव्या टाकीची बाकीची तयारी करायला भरपूर सवड मिळते, आणि ती सवड लागतेच.

आधी वजनाचा हिशेब. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणायची आणि हजारानं भागायचं, की लिटर मिळतात. 60 बाय 30 बाय 30 ची जुनी टाकी 54 लिटरची. 90 बाय 45 बाय 45 ची नवी 182 लिटरची. लांबी दीडपट, पण पाणी तिपटीहून जास्त. काच, वाळू, पाणी मिळून वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास जातं, म्हणजे सिमेंटच्या चार-पाच गोण्या. टीव्हीच्या लाकडी टेबलावर किंवा भिंतीतल्या कडप्प्यावर हे ओझं ठेवू नये. लोखंडी अँगलचा स्टँड बनवून घ्यावा, गवंड्याकडची पाणसळ लावून तो सगळीकडून सपाट आहे ना हे पाहावं, आणि काचेखाली थर्माकोलचा पातळ तुकडा घालावा. खाली बारीकसा खडा राहिला तरी भरलेल्या टाकीची काच तडकते. खिडकीचं ऊन थेट येईल अशी जागा टाळावी, नाही तर शेवाळ आवरता आवरत नाही. टाकी एकदा भरली की सरकवायची नाही, म्हणून जागा ठरवताना घरातल्या सगळ्यांशी आधीच काय ते भांडून घ्यावं.

सांधे सिलिकॉनचे असतात. नव्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. वास पूर्ण जाईपर्यंत थांबावं. मग अंगणात सपाट फळीवर टाकी ठेवून काठोकाठ भरून चोवीस तास पाहावं. धुताना साबण, भांड्याची पावडर काही नको, साधं पाणी आणि थोडं मीठ पुरे. साबणाचा अंश कल्ल्यांना बाधतो. तळ्यातल्या किड्यांसाठी वापरलेली ती युक्ती आठवा, म्हणजे साबण कुठे वापरायचा आणि कुठे नाही हे लक्षात राहील.

खाली घालायची वाळू किंवा खडे नदीचे चालतात, पण एक परीक्षा करावी. आपल्याकडचा काळा पाषाण निर्धोक. पण मराठवाड्याच्या मातीत जागोजाग चुनखडीचे पांढरट खडे असतात, आणि ते वाळूत मिसळून येतात. खड्यावर लिंबू पिळावं. फेस आला तर तो चुन्याचा, बाहेर ठेवावा. तो पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाण्याचा जडपणा आणि क्षारता वाढवतो.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे. गावात नळाला येणारं पाणी ब्लिचिंग पावडर घालून शुद्ध केलेलं असतं. त्यातला क्लोरीन रोगजंतूंना मारतो, तसाच आपल्या कामाच्या जिवाणूंनाही मारतो आणि माशांचे कल्ले जाळतो. पाणी उघड्या पिंपात हवेचा पंप लावून एक-दोन दिवस ठेवलं की तो उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओतला हायपो, वापरतात. एक मिलिग्रॅम क्लोरीनला सात मिलिग्रॅम हायपो पुरतो, म्हणजे एवढ्या मोठ्या टाकीलाही दीड-दोन ग्रॅमच्या आत काम होतं.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण ते जड असतं. बादलीला पांढरा थर बसतो तोच इथेही बसेल. शिवाय जमिनीखालून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कर्बवायू जास्त असतो, म्हणून तेही एक दिवस पंप लावून ठेवावं. जड पाणी वाईटच असं मात्र नाही. जिवाणू अमोनियाचं रूपांतर करताना पाण्यातली क्षारता वापरतात, आणि ती संपली की त्यांचं काम मंदावतं. या दृष्टीनं आरओचं निव्वळ पाणी टाकीत भरणं चुकीचं, त्यात काहीच शिल्लक नसतं. गोल्डफिश, गप्पी, मॉली जड पाण्यात मजेत राहतात. गप्पीचं तर विचारूच नका. हिवताप निर्मूलनवाले हाच मासा डासांच्या अळ्या खायला डबक्यांत आणि हौदांत सोडतात.

जड, अल्कधर्मी पाण्याचा धोका वेगळाच आहे. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी सगळाच सारखा विषारी नसतो. पंचवीस अंश तापमानाला पाण्याचा सामू 7 असेल तर विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का असतो, सामू 8 ला तो पाच टक्क्यांवर जातो आणि 9 ला तिसऱ्या हिश्श्याच्याही पुढे. तापमान वाढलं की तो आणखी वाढतो. म्हणजे पुण्या-मुंबईच्या हलक्या पाण्यात जी चूक खपून जाते, ती मराठवाड्याच्या बोअरच्या पाण्यात, आणि तीही उन्हाळ्यात, खपत नाही. पुस्तकं किंवा चित्रफिती पाहून टाकी लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

ज्यांच्याकडे जुनी टाकीच नाही, विरजण मिळणार नाही, त्यांनी काय करावं? रिकाम्या टाकीला जेवू घालावं. टाकी भरायची, फिल्टर चालू करायचा आणि मासे आहेत असं समजून रोज चिमूटभर खाद्य टाकायचं. ते कुजतं, अमोनिया तयार होतो, आणि जिवाणूंची वस्ती वाढू लागते. घरची माणसं हसतील, हसू द्यावं. थेंब टाकून रंग पाहायचे अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेटचे तपासणी संच मिळतात. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरताना नायट्राइट चढतं, शेवटी दोन्ही शून्यावर येऊन फक्त नायट्रेट दिसतं. तो दिवस मासे आणण्याचा. संच नसेल तर सहा आठवडे थांबावं. स्वस्तातला एखादा चिवट मासा आधी सोडून ‘बघू जगतो का’ असा प्रयोग काही जण करतात. ते मला बरं वाटत नाही. खाद्यानं होणारं काम एका जिवाच्या कल्ल्यांवर कशाला?

हे स्थिरावणं फक्त काचेच्या टाकीचं नाही. नवं धरण पहिल्यांदा भरतं तेव्हा बुडालेलं गवत, झुडपं, माती यांतून पोषक द्रव्यं सुटतात, पहिली काही वर्षं पाणी फार सुपीक असतं, मग ते उतरतं आणि पुष्कळ वर्षांनी कुठेतरी बेताचं होऊन टिकतं. मत्स्यशास्त्रज्ञ जगभरच्या जलाशयांत हे पाहत आले आहेत. पाण्याचं वय हाही पाण्याचा एक गुण आहे.

आता हलवण्याचा दिवस. आदल्या दिवशी माशांना उपास. नव्या टाकीत पाणी भरून, फिल्टर वगळता सगळं दोन-तीन दिवस आधीपासून चालू असावं. तापमान दोन्हीकडे सारखं असावं. सकाळी जुन्या टाकीतला तयार झालेला फिल्टर ओलाच उचलून नव्या टाकीत लावायचा. मध्ये तासभरसुद्धा कोरडा पडू द्यायचा नाही. मग मासे जुन्या पाण्यासकट पिशवीत घ्यायचे आणि सिद्धेश्वरच्या मच्छीमारांचीच रीत धरायची: पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवायची, मग दर पाच मिनिटांनी वाटीभर नवं पाणी आत, असं अर्धा-पाऊण तास. दोन्ही पाण्यांचा जडपणा फार वेगळा असेल तर आणखी सावकाश. टाकीतला दिवा त्या दिवशी बंद ठेवावा.

सगळे मासे एकदम हलवावेत की थोडे थोडे? याचं उत्तर फिल्टरवर अवलंबून आहे. जिवाणूंची संख्या पाण्याच्या आकारावर ठरत नाही, त्यांना मिळणाऱ्या अमोनियावर ठरते. पाच मासे आणि त्या पाच माशांवर पोसलेले दोन्ही फिल्टर एकत्र गेले, तर टाकी तिप्पट झाली म्हणून काही बिघडत नाही, उलट विष तिप्पट पाण्यात पातळ होतं. फिल्टर तिकडे आणि निम्मे मासे इकडे असं मात्र करू नये. मासे मागे ठेवायचे तर त्यांच्यासाठी एक फिल्टरही मागे राहिला पाहिजे. खरा घात होतो तो नव्या सहा माशांनी. पाच माशांच्या जिवाणूंवर अकरा माशांचा भार. मोठी टाकी रिकामी रिकामी दिसते हे खरं, पण पहिला महिना ती तशीच दिसू द्यावी. नंतर एका वेळी दोन मासे, मध्ये दोन आठवडे.

पहिले पंधरा दिवस खाद्य निम्मं. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. मासे वर येऊन तोंड उघडत असतील, कल्ले लाल दिसत असतील, तर औषधाच्या बाटलीकडे धावू नये. मेथिलीन ब्लूसारखी औषधं जिवाणूंनाच मारतात आणि दुखणं वाढवतात. लगेच निम्मं पाणी बदलावं, खाद्य बंद, हवेचा पंप जोरात.

आपल्या भागातले दोन शत्रू वेगळे सांगायला हवेत. एक वीज. फिल्टर काही तास बंद पडला की स्पंजातलं पाणी साचून प्राणवायू संपतो आणि जिवाणूंची वस्ती खचते. म्हणून हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप, एवढी सोय महागड्या फिल्टरपेक्षा उपयोगी. दुसरा शत्रू एप्रिल-मे. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तिसाला साडेसात, पस्तिसाला जेमतेम सात. गरम पाण्यात माशांना प्राणवायू जास्त लागतो आणि मिळतो कमी. झाकण काढून पाण्यावर टेबल फॅन सोडला तर तापमान दोन-तीन अंश उतरतं. त्यानं पाणी भराभर आटतं, पण क्षार मागेच राहतात. म्हणून नुसती भर न घालता, जुनं काढून नवं घालावं. शक्यतो मेमध्ये टाकी बदलूच नये. पाऊस पडून हवा निवली की करावं.

आणि एक. टाकी बदलताना जास्तीचे मासे, वनस्पती, गोगलगायी धरणात किंवा कालव्यात नेऊन सोडण्याचा मोह होतो, ‘तेवढंच पुण्य’ म्हणून. हे पुण्य नाही. 1952 साली भारतात आणलेला तिलापिया, ज्याला आपण चिलापी म्हणतो, आज किती जलाशयांत मूळच्या माशांना मागे सारून बसला आहे हे मच्छीमारांना विचारा. काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा देशातल्या अनेक नद्यांत आणि तळ्यांत पसरला आहे. त्याला बाजारात कुणी विचारत नाही आणि त्याच्या खरबरीत काटेरी अंगानं जाळी फाटतात. धरणावर ज्यांची चूल पेटते, त्यांच्या पाण्यात आपली अडगळ टाकू नये. जास्तीचे मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत किंवा दुकानात परत करावेत.

राहिली जुनी टाकी. ती घासून माळ्यावर चढवू नका. एक छोटा स्पंज फिल्टर नव्या टाकीच्या कोपऱ्यात कायम चालू ठेवा. बाजारातून नवा मासा आणला, की तो स्पंज जुन्या टाकीत लावायचा आणि पाहुण्याला तीन-चार आठवडे तिथेच ठेवायचं. अंगावर पांढरे ठिपके, पिसाटलेले पंख, खरूज, जे काही निघायचं ते तिथे निघतं, आणि मोठ्या टाकीतले जुने पाच मासे त्यापासून दूर राहतात.